पर्वताकडे जाणारी आगगाडी

देशाटनानें मनुष्य चतुर होतो, ही गोष्ट आपणां सर्वांच्या कानांवर लहानपणापासून पडत आलेली आहे. निबंधाच्या तासास प्रवासाचा विषय दिला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखण्या प्रथम तेंच वाक्य लिहितात, आणि मग पुढें काय लिहावें म्हणून छताकडे पाहत बसतात. परंतु देशाटन कोणतें, तें कोणत्या रीतीनें केलेलें, आणि कोणाच्या बुद्धीनें आंखलेलें, हा प्रश्न त्या निबंधांत सहसा येत नाहीं. आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे. प्रवाशाची पेटी प्रवाशाइतकाच प्रवास करिते. ती सात देश फिरून आली म्हणून तिला शहाणपण आलें, असें कोणी म्हणत नाहीं.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक प्रसंग कारण झाला. गेल्या वर्षीं जानेवारी महिन्यांत इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीचे वडील शाळा सुटल्यावर आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ कचेरींत नोकरीस, राहणी साधी. पोस्टांत ठेवलेल्या रकमेची मुदत पुरी झाली होती, आणि त्या पैशांतून एकदां तरी आल्प्स पर्वत पाहावा, अशी त्यांच्या पत्नीची फार दिवसांची इच्छा होती. त्यांनीं एका सहल-कंपनीचें रंगीत पत्रक आमच्यापुढें ठेविलें. बारा दिवसांत सात देश! ते म्हणाले, "सर, आपण भूगोल शिकवितां. ही सहल आपल्याला कशी वाटते तें सांगा. पुन्हां कांहीं एवढे पैसे साठणार नाहींत." त्यांची मुलगी बाजूस उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, ह्यांत डोंगराचें नांव आहे, चित्रही आहे, पण तेथें आम्ही किती वेळ थांबणार, तें कोठेंच लिहिलेलें नाहीं."

तिचें म्हणणें खरें होतें. आम्हीं पेन्सिल घेतली व त्या पत्रकांतील तास एकाखालीं एक मांडले. बसमध्यें बसण्याचे तास सर्वांत अधिक. दुकानांपुढें थांबण्याचे त्याखालोखाल. आणि ज्या पर्वतासाठीं हें कुटुंब आपली पुंजी मोडणार होतें, त्याच्या वांट्यास जेवणासकट जेमतेम तीन तास. त्या दिवशीं ढग असले, तर तेही नाहींत. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पत्रकाची घडी केली व खिशांत ठेविली.

म्हणून या लेखांत आम्ही आपलें मत स्पष्टपणें मांडतों. आल्प्ससारख्या पर्वतावर जावयाचें असेल, तर एकच गांव निवडावें. तेथें आगगाडीनें जावें. चार-पांच दिवस राहावें. त्यांतला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. आणि ह्या सर्वांची आंखणी घरांतील मुलांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं करावी. दुसऱ्यानें आंखलेल्या सात देशांपेक्षां स्वतः आंखलेलें एक खोरें मनुष्यास अधिक शिकवितें.

उदाहरणादाखल आम्हीं वर्गांत झरमॅट हें गांव घेतलें. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस वॅले नांवाचा प्रांत आहे. त्यांत, इटलीच्या सीमेजवळ, एका अरुंद खोऱ्याच्या टोकास हें गांव वसलेलें आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें 1,600 मीटर. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; तें 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर धापा टाकीत आपण ज्या उंचीवर पोहोंचतों, जवळजवळ त्याच उंचीवर त्या गांवांतील पाववाला आपलें दुकान उघडतो. आणि गांवाच्या डोक्यावर मॅटरहॉर्नचें शिखर 4,478 मीटरांवर उभें आहे. हे आंकडे फळ्यावर लिहितांच मागच्या बांकावरील एका मुलानें वजाबाकी व भागाकार करून सांगितलें, "सर, गांवाच्या वर आणखी पावणेदोन कळसूबाई!" भूगोलाच्या पुस्तकांतील दहा पानांनीं जें झालें नसतें, तें ह्या एका भागाकारानें झालें.

ह्या गांवांत पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारी येऊं देत नाहींत. बाहेरून येणारांस आपल्या मोटारी सुमारें पांच किलोमीटर अलीकडे, टेश नांवाच्या गांवीं ठेवाव्या लागतात, आणि पुढें आगगाडीनें जावें लागतें. गांवांत सामान नेण्यास विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या आहेत. हें वाचून आमच्या पुष्कळ वाचकांस माथेरानची आठवण होईल, आणि ती यथार्थ आहे. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीनें 1907 सालीं सुरू झाली, आणि माथेराननेंही मोटारींस आपल्या वेशीबाहेरच थांबविलें. जो मुलगा माथेरानच्या तांबड्या वाटेवर चालला आहे, त्यास झरमॅट अगदींच परकें वाटणार नाहीं. किंबहुना आमची अशी शिफारस आहे कीं, दूरच्या पर्वताचा विचार करणाऱ्या कुटुंबानें आधीं माथेरानची सहल मुलांकडून आंखवून घ्यावी. घरच्या डोंगरावर आंखणी चुकली, तर दंड थोडा बसतो.

आतां मार्गाकडे वळूं. झुरिकच्या विमानतळाच्या खालींच रेल्वेचें स्थानक आहे. तेथून बर्न, बर्नहून व्हिस्प, आणि व्हिस्पला गाडी बदलून झरमॅट. सारा प्रवास साधारणतः साडेतीन तासांचा. ह्यांतील शेवटचा टप्पा, म्हणजे व्हिस्प ते झरमॅट, सुमारें 35 किलोमीटरांचा असून ती लहान रुळांची गाडी 1891 सालीं गांवापर्यंत पोहोंचली. आरंभीं ती केवळ उन्हाळ्यांत धांवत असे. ह्या 35 किलोमीटरांत तिला साडेनऊशें मीटर चढावें लागतें, आणि अवघड जागीं चढण दर आठ मीटरांस एक मीटर इतकी तीव्र होते. अशा चढणीवर गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर घसरणार. म्हणून रुळांच्या मधोमध दांत्यांची पट्टी बसविली असून गाडीखालचें दांत्यांचें चाक तिला धरून वर चढतें. रोमान आब्ट नांवाच्या स्विस इंजिनिअरानें दोन पट्ट्या शेजारीं शेजारीं अशा बसविल्या कीं, एकीचा दांता जेथें संपतो तेथें दुसरीचा असतो; त्यामुळें चाकाची पकड क्षणभरही सुटत नाहीं. निलगिरी पर्वतावर उटीला जाणारी आपल्या देशांतील गाडी ह्याच युक्तीनें चढते. हें तत्त्व समजून जो त्या डब्यांत बसेल, त्यास खिडकीबाहेरच्या देखाव्याइतकाच पायांखालचा खडखडाटही आनंद देईल.

बर्न व ब्रिग यांच्या दरम्यान पर्वत ओलांडण्यास दोन मार्ग आहेत. एक नवा, 2007 सालीं उघडलेला, 34.6 किलोमीटर लांबीचा पायथ्याचा बोगदा. दुसरा जुना, 1913 सालचा, उंचावरून जाणारा, ज्यांतील बोगदा 14.6 किलोमीटरांचा आहे. आमचें मत असें कीं, जातांना विमानप्रवासाचा शीण असतो, म्हणून नव्या मार्गानें जावें; परतांना ब्रिगहून जुन्या मार्गाची सावकाश गाडी धरावी. ती ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेनें चढत जाते आणि सारें खोरें खालीं उलगडलेलें दिसतें. हा जुना बोगदा खणीत असतां 1908 सालीं जुलै महिन्यांत वरच्या गास्टर्न खोऱ्याखालीं पाणी, वाळू व गाळ यांचा लोंढा आंत शिरून 25 मजूर मृत्यु पावले. पुढें तो भाग सोडून देऊन बोगदा वळणानें नेण्यांत आला. आपण दहा-बारा मिनिटें अंधारांत बसतों आणि कंटाळतों. तो अंधार कोणाच्या श्रमानें खणला गेला, हें ठाऊक असलें तर कंटाळा येत नाहीं.

वेळापत्रकाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण आमच्या मतें स्वित्झर्लंडांत पाहण्यासारख्या वस्तूंत शिखरांच्या खालोखाल वेळापत्रकाचा क्रम लागतो. 1982 सालीं त्या देशानें साऱ्या रेल्वेवर एक नियम लागू केला : गाडी दर तासास त्याच मिनिटास सुटावी. नंतर 1987 सालीं लोकांनीं मत देऊन एक मोठी योजना मान्य केली आणि तिचा मुख्य भाग 2004 सालीं पुरा झाला. तिचें तत्त्व मोठें मार्मिक आहे. मुख्य स्थानकांत निरनिराळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या किंचित् आधीं एकत्र याव्यात, उतारूंनीं फलाट बदलावा, आणि तासानंतर लागलीच सर्व गाड्या पांगाव्यात. ह्यासाठीं दोन मुख्य स्थानकांमधील अंतर तासाच्या थोडें आंत तोडलें म्हणजे पुरे. त्याहून वेगाची हांव नाहीं. झुरिक ते बर्न हें अंतर म्हणूनच तासाच्या थोड्या आंत तोडलें जातें. सर्वांनीं एकमेकांची गांठ वेळेवर घ्यावी एवढाच वेग. एकानें पुढें पळून जाण्यांत लाभ नाहीं. आमच्या वर्गानें हें वेळापत्रक कागदावर रेघा ओढून मांडलें, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मग पहिल्या नंबरासाठीं धांवणाऱ्याला तेथें काय मिळतें?" आम्हीं उत्तर दिलें, "फलाटावर एकट्यानें उभें राहणें." ह्या वेळापत्रकांत दरवर्षीं डिसेंबरांत फेरफार होतात, म्हणून जुन्या कागदावर विसंबूं नये, निघण्यापूर्वीं नवें पाहावें.

ऋतूचा प्रश्न मात्र आमच्या पालकांस अडचणींत टाकणारा आहे, आणि पत्रकें तो झांकून ठेवितात. आपल्या शाळांची मोठी सुटी एप्रिल-मे महिन्यांत व लहान सुटी दिवाळींत. नेमके मे आणि नोव्हेंबर हे महिने आल्प्समध्यें दोन हंगामांमधले असतात. बर्फावर घसरण्याचा खेळ संपलेला, किंवा सुरू व्हावयाचा. उंचावरील पायवाटा बर्फाखालीं. पुष्कळ हॉटेलें बंद, आणि कांहीं पाळण्यांची दुरुस्ती चाललेली. चालण्याचा खरा हंगाम जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. आमच्या मुलांस शाळा बुडविल्यावांचून त्याच्या अलीकडचेच दिवस काय ते सांपडतात, म्हणजे जूनचे पहिले दिवस. त्या वेळीं वरच्या वाटा बंद असल्या, तरी खालच्या कुरणांतल्या वाटा मोकळ्या असतात आणि डोंगरावरील गाडी बारा महिने चालते. म्हणून आम्ही म्हणतों, मे महिन्यांत घाई करूं नये. सुटीचे शेवटचे दिवस राखून ठेवावे.

खर्चाचा हिशेबही मुलांनींच करावा. परदेशी प्रवाशांसाठीं स्वित्झर्लंडांत एक पास मिळतो. तो सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा असतो आणि त्यावर देशभर बहुतेक गाड्या, बोटी व बसगाड्या चालतात. निमें भाडें देण्याची सवलत देणारें दुसरें कार्डही आहे. यांपैकीं स्वस्त कोणतें, ह्याचें उत्तर कोणीही आधीं देऊं शकत नाहीं. दोन रकाने मांडून बेरीज करावी लागते. पासधारक आईबापांबरोबर असणाऱ्या सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांस भाडें पडत नाहीं. आमच्या विद्यार्थिनीस सोळावें वर्ष पुरें झालेलें नव्हतें. तिनें हा नियम स्वतः शोधून काढला, तेव्हां त्या पत्रकांत आपलें पूर्ण भाडें लावलें होतें हेंही तिच्या ध्यानांत आलें. राहण्यासही झरमॅटच पाहिजे असें नाहीं. खालच्या टेश, व्हिस्प किंवा ब्रिग या गांवीं मुक्काम करून रोज गाडीनें वर जातां येतें. सेंट मॉरिट्झहून झरमॅटला येणारी सुप्रसिद्ध 'ग्लेशियर एक्सप्रेस' 1930 पासून धांवते. ती आठ तासांत 291 पूल ओलांडते, आणि तींत आसन आधीं राखणें सक्तीचें असून त्याचा आकार निराळा पडतो. ज्यांस हौस आहे त्यांनीं तिनें जावें. पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, आणि डोंगर दोघींच्याही खिडक्यांतून सारखाच दिसतो. परवान्याचें काम मात्र सर्वांत आधीं हातीं घ्यावें. व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून उशिरांत उशिरां पंधरा दिवस आधींपर्यंत करतां येतो, आणि त्यास निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. झरमॅटहून गोर्नरग्राट नांवाच्या डोंगरमाथ्यावर 3,089 मीटर उंचीपर्यंत दांत्यांची आगगाडी जाते. ती 1898 सालीं सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून विजेवर चालली. अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळांत ती प्रवाशास दीड हजार मीटर वर नेते. वर हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सुमारें तीन-दशांशानें कमी असतो. समुद्रकांठीं आयुष्य घालविलेल्या, पन्नाशी गांठलेल्या गृहिणीस तो सोसेल कीं नाहीं, याचा विचार पत्रकांत नसतो. तो घरच्या माणसांनींच करावयाचा असतो. आमच्या विद्यार्थिनीनें आपल्या वहींत वाटेवरील स्थानकें उंचीसह लिहून काढलीं : रिफेलआल्प 2,211, रिफेलबर्ग 2,582, रोटेनबोडेन 2,815. आणि समोर लिहिलें : "आईला त्रास झाल्यास येथें उतरतां येईल." शिवाय पहिल्या दिवशीं वर जाणें नाहीं, असा नियम तिनें घातला.

ह्या टिपणाचें महत्त्व समजण्यास झरमॅटचाच इतिहास आठवावा. 14 जुलै 1865 रोजीं एडवर्ड व्हिम्पर नांवाचा तरुण इंग्रज आपल्या सहा सोबत्यांसह प्रथमच मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोंचला. त्यांत चार्ल्स हडसन नांवाचे एक पाद्री होते. मिशेल क्रो नांवाचा निष्णात वाटाड्या होता. आणि डग्लस हॅडो नांवाचा, पर्वतावर नवखा असा एक तरुण होता. उतरतांना हॅडोचा पाय घसरला. त्याच्यासह चौघें खालीं ओढले गेले, आणि दोरी तुटली. चौघांचा अंत झाला. मागचे तिघे वांचले. पुढें असें दिसून आलें कीं, तुटलेली दोरी ही त्यांच्याजवळ असलेल्या दोऱ्यांपैकीं सर्वांत कच्ची होती. चांगल्या दोऱ्या सोबत असून नेमक्या जागीं कच्ची बांधली गेली! तो तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेला आहे. आमच्या मतें प्रवासाची आंखणी म्हणजे ह्याच दोरीची परीक्षा. मंडळींतील सर्वांत दुबळें माणूस कोण, सर्वांत नवखें कोण, त्याचा पाय घसरला तर काय, हें आधीं पाहणें म्हणजे आंखणी. बाकीचें सारें गाडीचें भाडें.

येथें आमच्याशीं वाद घालणारे तिघे जण आम्हांस दिसतात. पहिले म्हणतात, "आमच्या मुलांपैकीं कितीकांस तेथें जावयास मिळणार? मग हा खटाटोप कशाला?" त्यांस आमचें उत्तर असें : वर्गांतील चाळीस मुलांपैकीं एकच मुलगी गेली, पण वेळापत्रक चाळिसांनीं वाचलें, हिशेब चाळिसांनीं केला. जें कागदावर नीट आंखतां येतें, तें शिक्षण फुकट जात नाहीं; उद्यां हींच मुलें घरचें लग्नकार्य, आजाऱ्याची सोय, नोकरीचें काम आंखणार आहेत.

दुसरे म्हणतात, "सगळेंच आधीं ठरविलें तर प्रवासाची गंमत ती काय?" गंमत जाते ती आंखणीनें नव्हे, गच्च आंखणीनें. म्हणून तर आम्ही एक दिवस कोरा ठेवावयास सांगतों. पर्वत आपल्या तिकिटाचा बांधलेला नाहीं. 1991 सालीं एप्रिल व मे महिन्यांत झरमॅटच्या वाटेवरील रॅन्डा गांवाजवळ डोंगराचा प्रचंड कडा कोसळून आगगाडीचा रूळ व रस्ता दोन्ही गाडले गेले. पुढें रूळ निराळ्या जागेवरून न्यावा लागला. आणि 28 मे 2025 रोजीं जवळच्याच लोट्शन खोऱ्यांत हिमनदी व दरड कोसळून ब्लाटेन हें गांव बहुतेक सारें गाडलें गेलें. परंतु पर्वताची हालचाल ओळखून सुमारें 300 ग्रामस्थांस आधींच हलविलें होतें, म्हणून एक मनुष्य खेरीजकरून सर्व वांचले. पर्वतापुढें मनुष्याची आंखणी ती एवढीच : त्याच्याकडे पाहत राहणें आणि वेळीं मागें सरण्यास जागा ठेवणें.

तिसऱ्यांचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो आम्ही हलका करूं इच्छीत नाहीं. ते म्हणतात, "आगगाडीचें एवढें गुणगान करतां, पण येथून झुरिकपर्यंत विमानानेंच ना जाणार? त्याच्या धुरानें हवा तापते, आणि बर्फ वितळतें." हें खरें आहे. 2022 व 2023 ह्या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडांतील हिमनद्यांचें सुमारें 10 टक्के बर्फ नाहींसें झालें. गोर्नरग्राटवरून दिसणारी हिमनदी आजोबांनीं पाहिली तशी नातवास दिसणार नाहीं. ह्या आक्षेपास आमच्यापाशीं पूर्ण उत्तर नाहीं. अर्धें उत्तर आहे. जावयाचेंच तर आयुष्यांत एकदां जावें, दरवर्षीं नव्हे. गेल्यावर सात विमानतळ न करितां एका खोऱ्यांत राहावें. आणि तेथून परत येतांना नुसतीं छायाचित्रें न आणतां, जेथें रूळ आहेत तेथें मोटार लागत नाहीं, ही संवय आणावी. ज्यांस हें अर्धें उत्तर पुरेसें वाटत नाहीं, त्यांनीं माथेरानला जावें. आम्ही त्यांस अधिक शहाणे समजूं.

वाचकांस त्या कुटुंबाचें पुढें काय झालें हें जाणण्याची इच्छा असेल. तें जूनच्या पहिल्या आठवड्यांत गेलें, आणि शाळा उघडावयाच्या आदल्या दिवशीं परत आलें. ठरविलेल्या दिवशीं सकाळीं उठून त्यांनीं शिखरावरील थेट चित्र पाहिलें. सर्वत्र पांढरें धुकें. त्यांनीं तिकिटें काढलीं नाहींत, व खालच्या कुरणांत फिरले. दुपारीं स्थानकावर एका सहलीची मंडळी वरून उतरतांना त्यांस भेटली. त्यांचा तेवढाच दिवस होता, आणि त्यांनीं धुक्यावांचून कांहीं पाहिलें नव्हतें. दुसरा दिवस ह्यांच्या वहींत कोरा होता. त्या दिवशीं आकाश निरभ्र निघालें.

परंतु सर्व कांहीं मनासारखें झालें, असें नाहीं. रोटेनबोडेन येण्यापूर्वींच आईस मळमळूं लागलें व डोकें दुखूं लागलें. वडील म्हणाले, "आतां एवढ्यासाठीं आलों, थोडेंच राहिलें आहे." मुलीनें वही काढली नाहीं, कांहीं बोललीही नाहीं. पुढचें स्थानक येतांच तिनें आईचा हात धरला आणि ती खालीं उतरली, वडीलही उतरले. तिघें खालच्या गाडीनें रिफेलबर्गला आलीं. तेथें आईस बरें वाटलें. बांकावर बसून, घरून आणलेल्या दशम्या खात, त्यांनीं दोन तास मॅटरहॉर्नकडे पाहिलें. गोर्नरग्राटचा माथा कोणीच पाहिला नाहीं. शाळेंत आल्यावर मुलीनें हें सर्व सांगितलें, तेव्हां आम्हीं विचारलें, "वर जावयाचें राहिलें, ह्याचें वाईट वाटलें का?" ती म्हणाली, "थोडें वाटलें, सर. पण आई म्हणाली, एवढा वेळ एका जागीं बसून मीं आजपर्यंत कांहींच पाहिलें नव्हतें."

त्या बाईंचें वाक्य आम्हीं आमच्या वहींत लिहून ठेविलें आहे. पालक बंधुभगिनींनो, आपलें कष्टाचें धन खर्च करण्यापूर्वीं पत्रकावरील देश मोजूं नका, तेथें मिळणारे तास मोजा. आणि तें मोजण्याचें काम मुलांच्या हातीं द्या. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस कोठेंही जावयाचें असो, आल्प्सला वा आजोळीं, निघण्यापूर्वीं तीन गोष्टी कागदावर लिहा : गाडी कोठें बदलावयाची, कोरा दिवस कोणता, आणि बरोबरच्या माणसांपैकीं जो लवकर थकतो त्यास कोठें उतरतां येईल. एवढें लिहिलें असलें, म्हणजे शिखर दिसो वा न दिसो, घरीं परत येणारा मनुष्य पेटीसारखा परत येत नाहीं.